परतीच्या वाटेवरचा फॉल्ट

कुठल्याही विजेच्या बटणाला हात लावण्याआधी ते डावा हात खिशात घालत. दिवा असो, मिक्सर असो, नाहीतर आमच्या दारावरची घंटा. उजव्या हाताचं एक बोट पुढे आणि डावा हात खिशात. पायजम्याला खिसा नसतो, म्हणून त्यांनी समुद्रपूरच्या शिंप्याकडून डाव्या बाजूला मुद्दाम एक खिसा शिवून घेतला होता. दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते, एकच लागला तर माणूस वाचायची आशा असते, असं त्यांनी मी सहावीत असताना मला समजावून सांगितलं होतं. महिनाभर मीही खिशात हात घालून फिरलो आणि बाबांचा मार खाल्ला. बाबांना वाटलं, मी खिशात काहीतरी लपवतो आहे.

ते आमचे शेजारी. मध्ये फक्त एक तारेचं कुंपण. विजेच्या खात्यात सबस्टेशन ऑपरेटर म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली, त्यातली एकोणीस वर्षं तळेगावला. गाव त्यांना ऑपरेटर काका म्हणायचं. सबस्टेशनवर दर तासाला सगळ्या मीटरचे आकडे बघून रजिस्टरमध्ये लिहायचे असतात. नोकरी संपली तरी त्यांची ती सवय संपली नाही. घराच्या ओसरीवर एक मीटर टांगलेला होता आणि खुर्चीच्या हाताला दोरीने पेन बांधलेलं होतं. दुपारी कधी त्यांच्या रजिस्टरमध्ये डोकावलं तर असं काहीतरी दिसायचं: ‘१४:०० – २२८ व्होल्ट. वारा नाही. समोरच्या सूनबाईंनी पापड वाळत घातले.’ आणि त्याखाली, ‘१५:०० – २३१ व्होल्ट. ढग. पापड उचलले.’

वेळ ते चोवीस तासांच्या हिशेबानेच सांगत. “सतरा वाजता चहाले येजो,” म्हणत. नवीन माणूस बोटं मोजत बसे.

एक शब्द त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. तो म्हणजे ‘अचानक’. कोणी म्हटलं, की पंखा अचानक बंद पडला, तर ते हातातलं काम बाजूला ठेवून विचारायचे, की आधी आवाज कसा येत होता, किती दिवस, पहिल्यांदा कोणी ऐकला. बोलणारा कंटाळून निघून जायचा. पंखा अचानक बंद पडत नाही, तो सांगत असतो, आपण दुसऱ्या कामात असतो, असं त्यांचं म्हणणं.

काकू गेल्या तेव्हा भेटायला येणारी माणसं हेच म्हणत होती. अचानकच गेल्या हो, काल तर बाजारात दिसल्या होत्या. काका दोन दिवस गप्प बसून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी ते हळूच म्हणाले, “अचानक नाई गेली. दोन वर्षं झाले, गच्चीचा जिना चढतानी मधात थांबत होती. मी पाह्यत होतो. लिवलं नाई.”  मी तिथेच सतरंजीवर बसलो होतो. घरभर रजिस्टरं रचलेली आणि त्यात कुठेही काकूंचा जिना नाही, हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मीही खाली मान घातली.

माझे बाबा मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले. त्यांचं आणि काकांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न.

लग्न मे महिन्यातलं, भर दुपारचं. मंडपात चारी बाजूंनी मोठे लोखंडी कूलर लावलेले होते. मंगलाष्टकं व्हायची होती, बायका कूलरपुढच्या ओल्या गालिच्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. काका एका कूलरजवळून गेले, थांबले, हाताची पाठ पुढे करून त्याच्या पत्र्याला जेमतेम टेकवली आणि तसेच सरळ चालत जाऊन मंडपाचा मेन स्विच पाडला. कूलर, पंखे, सनई, माइक, सगळं एकदम बंद. नवरदेवाकडच्या मंडळींनी गोंधळ घातला. बाबा धावत गेले तर काका स्विचकडे पाठ करून उभे. पत्र्यात करंट आहे, वायर बदलल्याशिवाय चालू करता येणार नाही, एवढंच ते म्हणत राहिले. मंडपवाल्याचा माणूस सापडून वायर बदलेपर्यंत पाऊण तास गेला. त्या उन्हात नवरदेवाच्या आजीला घेरी आली. व्याह्यांनी बाबांना चारचौघांत बोल लावले. बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की आधी येऊन सांगायचं होतं. काका म्हणाले, सांगायला आलो असतो तेवढ्यात कोणीतरी हात लावला असता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, हे आज मला कळतं. त्या दिवशी मात्र मीही बाबांच्या बाजूने होतो. दुसऱ्या दिवसापासून कुंपणाच्या या बाजूने त्या बाजूला कोणी हाक मारेना. मी एकटा चोरून जायचो.

मग बाबांच्या किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ध्याला डायलिसिस सुरू झालं. मी तहसील कार्यालयात क्लार्क आहे. साहेबांनी समजून घेतलं, त्या दोन दिवसांची कामं मी शनिवार-रविवारी बसून काढायचो. पहिले काही महिने आम्ही एसटीने जायचो, पण येताना बाबांना उभं राहवत नसे. मग मी एक वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. जाणं-येणं ठरलेलं, रात्री घरीच चार्जिंग, आवाज नाही, धूर नाही, त्यामुळे बाबांना मळमळ होत नव्हती. पुढची सीट मागे रेलून ते डोळे मिटून पडत आणि घर आल्यावरच उघडत.

दिवाळीनंतर एका मंगळवारी वर्ध्याहून परत येताना, जाम यायच्या आधी, गाडीच्या स्टिअरिंगपुढच्या पडद्यावर एकामागून एक सूचना यायला लागल्या. ब्रेकची, स्टिअरिंगची, सिस्टिम तपासा अशी, आणि शेवटी पिवळ्या रंगाचं एक कासव. कासव आलं की गाडीची ताकद जाते. मी पाय दाबत होतो आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. मागून ट्रक हॉर्न देत होते. रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली, दहा मिनिटांनी चालू केली, तर काही झालंच नाही अशा थाटात घरापर्यंत आली.

नागपूरला वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी कॉम्प्युटर लावून पाहिलं. जुन्या नोंदी होत्या, चालू काही नव्हतं. सॉफ्टवेअर नवीन करून दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा नागपूर, पुन्हा गाडी तिथे शहाण्यासारखी वागली. या वेळी ते म्हणाले, की इतक्या सगळ्या सूचना एकदम येतात म्हणजे मोठी बॅटरी उघडून बघावी लागेल, गाडी तीन आठवडे ठेवून जा. तीन आठवडे म्हणजे सहा डायलिसिस. मी गाडी तशीच परत आणली.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा ती दहा मिनिटांनीही चालू झाली नाही. बाबा रस्त्याकडेच्या बाभळीखाली उलटी करून तसेच मातीत बसले. दीड तास. ओळखीच्या एका पिकअपने गाडी ओढत आणली. घरी आल्यावर बाबा अंथरुणावर पडले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, आता पुरे, मी जात नाही. मला वाटलं, चिडून म्हणताहेत. पण शुक्रवारी त्यांनी खरंच चप्पल घातली नाही. मी समजावलं, बायकोने समजावलं, बहिणीने फोनवर रडून सांगितलं. रविवारपर्यंत त्यांचे पाय सुजले होते आणि उशाला तीन उशा लावल्याशिवाय श्वास पुरत नव्हता.

त्या रविवारी काका कुंपण ओलांडून आमच्याकडे आले. अकरा वर्षांनी. हातात रजिस्टर. बसायच्या आधी त्यांनी वाचूनच दाखवलं: ‘मंगळवार. गुरुजींची गाडी ०८:१० ला गेली. १७:५५ ला दुसऱ्या गाडीने ओढत आणली. शुक्रवार. गाडी जागेवर.’ मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून कारण विचारलं, “काऊन?”

मी सगळं सांगितलं. आतल्या खोलीत बाबांना ऐकू जात होतं. काकांनी मला अचानक हा शब्द चार वेळा मागे घ्यायला लावला. कधी होतं, जाताना की येताना? येतानाच. दर वेळी? कधी कधी होत नाही. डायलिसिसशिवाय कुठे गेलात तर? नागपूरचं वर्कशॉप सोडलं तर तसे आम्ही कुठे जातच नव्हतो. मग त्यांनी त्याच दुपारी मला केळझरला गणपतीला जाऊन यायला सांगितलं. ते स्वतः मागच्या सीटवर बसले, चप्पल रबरी, मांडीवर रजिस्टर. जाऊन-येऊन वर्ध्याच्या फेरीपेक्षा जास्त अंतर झालं. गाडीने एकही सूचना दिली नाही. देवळात त्यांनी नमस्कार केला तोही बाहेरूनच, कारण गाभाऱ्याच्या झुंबराची वायर त्यांना पसंत पडली नाही.

परत आल्यावर ते सरळ बाबांच्या खोलीत गेले. मी दारात उभा होतो.

“गुरुजी,” ते म्हणाले, “मले तुमच्या गाडीचा फॉल्ट पाह्यचा हाये. पण तो तुमी गाडीत नसले का होत नाई. केळझरले नाई झाला. तुमी मंगळवारी वर्ध्याले याल तर मले पाह्यला भेटंन.”

बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले, म्हणजे फॉल्ट पाहण्यासाठी मी चार तास सुया टोचून घेऊ?

“हो,” काका म्हणाले.

बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मग त्यांनी मला विचारलं, मंगळवारी किती वाजता निघायचं. आम्हा तिघांना समजावून, रडून जे जमलं नव्हतं, ते त्या एका ‘हो’ने झालं. बाबांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. त्यांच्यावाचून प्रयोग अडला आहे, असं कोणी म्हटलं तर त्यांना नाही म्हणता येत नसे, हे काकांना कसं कळलं, देव जाणे.

मंगळवारी दोघं म्हातारे एका गाडीत बसले, एक पुढे, एक मागे. जामपर्यंत कोणी अक्षर बोललं नाही. मागून पेनचा आवाज येत होता. जामच्या चौरस्त्यावर काकांनी स्वतःशीच नोंद वाचली. बाबा पुढे बघूनच म्हणाले, ‘नियमित’मधला नि ऱ्हस्व आहे. काकांनी खोडलं नाही. शेजारी कंसात दुरुस्त करून लिहिलं. खोडाखोड त्यांच्या रजिस्टरमध्ये चालत नसे. सेवाग्रामच्या अलीकडे बाबा पुन्हा बोलले.

“त्या दिवशी कूलरले करंट होता,” ते म्हणाले. “मंडपवाल्यानं मले दुसऱ्याच दिवशी सांगितलं.”

काकांनी “बरं” म्हटलं. बाबांनी अकरा वर्षं हे स्वतःजवळ ठेवलं होतं आणि काकांनी त्यावर एवढंच म्हटलं. मी आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर कपाशीकडे बघत होते आणि पेनचं टोपण लावत-काढत होते.

दवाखान्यात पोहोचल्यावर बाबांना आत सोडलं. काका गाडीपाशीच राहतो म्हणाले. पार्किंगमधल्या झाडाखाली त्यांनी एक स्टूल मिळवलं आणि बसले. मी थोडा घुटमळलो. मग वॉर्डबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. परतीच्या वाटेवर आम्ही तिघंही कासवाची वाट बघत होतो. ते आलं नाही. शुक्रवारीही तसंच झालं. काका झाडाखाली, मी बाकावर, गाडी घरापर्यंत सरळ.

बाबांना गंमत वाटायला लागली. ऑपरेटरला गाडी घाबरते, असं ते म्हणाले. मी म्हटलं, झाली असेल बरी. त्यावर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पुन्हा तो शब्द उच्चारला होता.

शनिवारी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. सोळा वाजता. समोर रजिस्टर उघडं होतं, डाव्या पानावर मागच्या फेऱ्या, उजव्या पानावर या दोन. ते म्हणाले, की रस्ता तोच, वजन उलट एका माणसाने जास्त, चार्जिंग तेवढंच. मी असलो की होत नाही. म्हणजे मी असल्याने काहीतरी बदलतं. काय बदलतं, ते सांग.

मी ओसरीवरच्या मीटरकडे बघत राहिलो.

“मी नसतो तवा तू ते पाच तास कुठं राह्यतं?”

“बाकावर,” मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं: बाकावर. मग पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. “बाबू,” ते म्हणाले, “तुले पाह्यजे ते लिवतो. पण नोंद खोटी असली तर फॉल्ट भेटत नाई. मंग गुरुजी पुन्हा बाभळीखाली बसन.”

तेव्हा मी सांगितलं. पहिल्या दिवशी मी बाबांसोबत आत गेलो होतो. त्यांचं रक्त नळीतून मशीनमध्ये जाताना पाहिलं, इतकं सगळं रक्त, आणि माझे हातपाय गार पडले. नर्सने मला धरून बाहेर आणलं. त्यानंतर मी आत गेलोच नाही. बाकावरही बसवेना, कारण दार उघडलं की मशीनचा आवाज यायचा. म्हणून गाडी घेतल्यापासून मी तिच्यात येऊन बसायचो. काचा वर, सीट मागे, पंखा आणि गाणी चालू. घरी सांगायचो, की मी बाबांजवळ होतो. बायकोलाही हेच माहीत होतं. चार्जिंग वाया जाऊ नये म्हणून मी गाडी पूर्ण चालू करत नसे, ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबायचो, म्हणजे फक्त पंखा आणि रेडिओ चालतो.

काकांनी चष्मा लावला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी ‘बाकावर’ तसंच ठेवून त्याच्यापुढे लिहिलं: ‘दुरुस्त नोंद – पाच तास गाडीत. पंखा, रेडिओ चालू. गाडी बंद.’ आणि म्हणाले, “आता सापडंन.”

मी त्यांना विनंती केली, की हे पान बाबांना दाखवू नका. बाबा आता दर फेरीनंतर ते रजिस्टर मागून घेऊन शुद्धलेखन तपासायचे, लाल पेनने. काका म्हणाले, की पान फाडता येत नाही. मंगळवारच्या आधी तूच सांगजो.

रविवारी सकाळी आम्ही अंगणात प्रयोग केला. मी बटण दाबून पंखा आणि रेडिओ चालू ठेवला आणि गाडीला आम्ही दोघांनी पाच तास हात लावला नाही. काका दर तासाला नोंद करत होते. मग गाडी सुरू केली आणि जामच्या रस्त्याला लागलो. तेरा किलोमीटरवर ब्रेकची सूचना आली, मग स्टिअरिंगची, मग सगळ्या, मग कासव. मला इतका आनंद झाला, की मी टाळी वाजवणार होतो. काकांनी कडेला घ्यायला सांगितलं.

बॉनेट उघडल्यावर त्यांनी आधी नारंगी रंगाच्या जाड वायरी मला दाखवल्या आणि बजावलं, की यांना तूही हात लावू नकोस, मीही लावणार नाही, हे माझ्या शिक्षणाच्या बाहेरचं आहे. मग डावा हात खिशात घालून ते लहान बॅटरीकडे वळले. इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी खाली पसरलेली, चाकं फिरवणारी. लहान बॉनेटखाली, साध्या गाडीत असते तशीच. दिवे, पंखा आणि गाडीतले सगळे कॉम्प्युटर तिच्यावर. गाडी पूर्ण चालू असली की मोठी लहानीला भरत राहते. मी मोठीला वाचवत होतो आणि पाच-पाच तास लहानीला रिकामी करत होतो.

पण नुसत्या त्यानेही भागलं नसतं. लहान बॅटरीची काळी वायर जिथे गाडीच्या लोखंडाला बोल्टने बसवलेली होती, तिथे काकांनी हाताची पाठ जवळ नेली आणि झटकन मागे घेतली.

“पाह्य,” ते म्हणाले. “टेकवजो नको.”

बोटभर अंतरावरूनही धग लागत होती. बोल्ट ढिला होता, खाली हिरवट गंज. लहान बॅटरी रिकामी झाली, की परतीच्या वाटेवर मोठी तिला जोराने भरायला लागायची, तो सगळा करंट त्या ढिल्या जागेतून जायचा, जागा तापायची, व्होल्टेज डळमळायचं आणि सगळे कॉम्प्युटर एकाच वेळी ओरडायला लागायचे. नागपूरवाल्यांची चूक नव्हती. तिथवर जाईपर्यंत लहान बॅटरी भरून जायची आणि बोल्ट गार व्हायचा. गाडी गार झाल्यावर काकांनी ती वायर सोडवून घेतली, सँडपेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं आणि बोल्ट आवळला. सोमवारी हिंगणघाटहून नवीन लहान बॅटरी आणून बसवली. बस्स, एवढंच होतं. तीन आठवडे नागपूरला ठेवायची आणि पोटातून उघडायची होती ती गाडी.

सोमवारी संध्याकाळी मी बाबांच्या खाटेवर बसलो. सांगायचं ठरवून गेलो होतो आणि बॅटरीबद्दलच बोलत राहिलो, बोल्ट, गंज, करंट. बाबा ऐकत होते. त्यांनी मध्येच विचारलं, की लहान बॅटरी रिकामी कशाने होत होती?

मी म्हटलं, “मी आत येत नव्हतो, बाबा. गाडीत बसून राह्यत होतो.”

“मले माईत हाये,” ते म्हणाले.

दवाखान्यात त्यांच्या खाटेच्या बाजूला वॉर्डची खिडकी होती आणि खिडकीतून पार्किंग दिसत असे, हे मला कधी सुचलंच नव्हतं. गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यापासून ते मला बघत होते. सीट मागे केलेली, पाय वर घेतलेले. मशीनवर चार तास पडून करण्यासारखं काही नसतं. मी दिसलो की त्यांना बरं वाटायचं, असं ते म्हणाले, आणि मग थांबून म्हणाले, की वाईटही वाटायचं. गाडी बंद पडायला लागली तेव्हा त्यांच्या मनात आलं, की पोराला आत येववत नाही, बाहेर बसवत नाही, वर हे रस्त्यावरचे हाल. आपणच थांबावं म्हणजे तो सुटेल. बाभळीखाली बसून त्यांनी हे ठरवलं होतं. गाडीला ते घाबरले नव्हते.

मी त्यांच्या सुजलेल्या पायावर हात ठेवून बसलो.  बायको चहा घेऊन आली आणि आमचे चेहरे बघून कप ठेवून तशीच परत गेली. तिला मी सगळं रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितलं. ती फार काही बोलली नाही, पण दोन दिवस माझ्याशी जरा तुटक वागली, आणि ते बरोबरच होतं.

मंगळवारी गाडीचं काही काम उरलं नव्हतं, तरी काका आठ वाजता कुंपणाशी तयार उभे होते. दवाखान्यात त्यांनी मला एक कोरी वही दिली. आत जा म्हणाले, आणि दर अर्ध्या तासाने मशीनवरचे आकडे लिही. ब्लड प्रेशर लिही. गुरुजी काय बोलले ते लिही. मी म्हटलं, मला चक्कर आली तर? “तेही लिवजो. टाईम टाकजो,” ते म्हणाले.

मी आत गेलो. नळीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण आकडे नळीच्या वरच होते. पहिल्या अर्ध्या तासाला माझं अक्षर इतकं हललेलं होतं, की बाबांनी झोपल्या झोपल्या वही मागून घेतली आणि म्हणाले, तिसरीच्या पोराचं अक्षर आहे हे. दुसऱ्या अर्ध्या तासाला जरा सुधारलं. चक्कर आली नाही. घाम आला, तो लिहिला.

त्यानंतर वर्षभर काका दर मंगळवारी आमच्यासोबत आले. शुक्रवारी येत नसत. शुक्रवारी त्यांना आपल्या गच्चीची टाकी धुवायची असे. गाडीत दोघं म्हातारे अखंड भांडायचे. पृथ्वीच्या पोटात लोखंड आहे की नाही, समुद्रपूरला पहिला दिवा कोणत्या गल्लीत लागला, ‘विद्युत’मधला वि ऱ्हस्व की दीर्घ. वर्कशॉपमधल्या मुलांनाही काकांनी एकदा फोन करून बोल्टाची सगळी हकिगत नोंदीसह वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि लिहूनही घेतली, याचं काकांना फार समाधान वाटलं.

मागच्या वर्षी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. त्यांना जायचं नव्हतं. तिच्या फ्लॅटमध्ये व्होल्टेज दिवसभर एकच असतं, अशी त्यांची तक्रार आहे. ओसरीला कुलूप आहे. समोरच्या सूनबाई पापड वाळत घालतात, पण ते आता कोणी लिहीत नाही.

बाबा अजून मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ध्याला जातात. थकले आहेत, पण जातात. मी त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसतो. मंगळवारी बरोबर अकरा वाजता बाबांचा मोबाइल वाजतो. त्यांचा एक हात मशीनला बांधलेला असतो, म्हणून मी फोन कानाला लावून देतो. पलीकडचं मला ऐकू येत नाही. बाबा आधी प्रेशर सांगतात, मग गाडी कशी चालली ते सांगतात, मग कशावरून तरी वाद सुरू होतो. फोन ठेवायच्या आधी पलीकडून दर वेळी काहीतरी एक प्रश्न येतो, आणि बाबा मान वळवून माझ्याकडे बघतात.

“हाये,” ते म्हणतात. “इथंच बसला हाये.”